पठ्ठ्याचा खुराक

लग्न होऊन मला पंधरवडाही झाला नसेल. सकाळी गोठ्यात शेण भरायला वाकले होते, तेवढ्यात माझ्या सासूबाई हातात पितळी चरवी घेऊन आत आल्या आणि पठ्ठ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. पठ्ठ्या म्हणजे आमचं रेडकू. चरवीत त्याची थंडाई होती. सासऱ्यांनी तांबडं फुटायला उठून स्वतःच्या हातानं वाटलेली; बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडे, त्यात धारोष्ण दूध आणि वर तुपाची धार. सासूबाईंनी मागं-पुढं बघितलं, पदर सावरला आणि चरवी सरळ आपल्या तोंडाला लावली.

मी शेणाची पाटी धरून तशीच उभी.

निम्मी चरवी संपल्यावर त्यांनी ओठ पुसले आणि मग त्यांना मी दिसले. दुसरी बाई असती तर दचकली असती. त्या म्हणाल्या, "आज वेलदोडा कमी पडलाय. चाखून बग."

"मी?"

"मग काय रेडकाला चाखायला सांगू?"

"पण आत्याबाई, ही तर पठ्ठ्याची..."

"त्याला इचार की, पायजे काय."

मी चरवी पठ्ठ्याच्या तोंडाशी नेली. त्यानं वास घेतला, फुर्र केलं, मान फिरवली आणि गव्हाणीतलं कडब्याचं एक चिपाड चघळायला लागला.

"झालं समाधान? आता पी," आत्याबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या थोरल्या जावंला थोडी ठेव."

आमचं गाव वेदगंगेच्या काठचं, आणि माझे सासरे म्हणजे पिराजी पैलवान. एके काळी त्यांची कुस्ती लागली की पंचक्रोशीतल्या गाड्या जुंपल्या जायच्या. पण दोन्ही पोरांनी त्यांची निराशा केली. थोरले भाऊजी ट्रकवर गेले. आमचे हे साखर कारखान्यात लागले, आणि यांचे खांदे असे की सदऱ्याला हँगर घातला तर तो जास्त भरदार दिसावा. मामंजी रोज तालमीत जाऊन गावच्या पोरांना डाव शिकवायचे, पण घरचा पैलवान नाही ही सल मनात होतीच. अशात म्हशीला हे रेडकू झालं. रुंद कपाळ, जाड पाय, जन्मल्या दिवशीच दावं तोडायला बघणारं. मामंजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याचं नाव पठ्ठ्या ठेवलं. तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात याला उभा करायचा, असं त्याच दिवशी ठरलं.

पैलवान म्हटला की खुराक आला. सकाळी थंडाई, दुपारी गव्हाच्या पिठात गूळ-तूप घालून केलेले गोळे, संध्याकाळी दुधात फेटलेली अंडी. सगळं मामंजी स्वतः करायचे. चारायचं काम तेवढं बायकांकडं, कारण त्या वेळी ते तालमीत असायचे.

आमच्या घरात बायका मागून जेवायच्या. मागून म्हणजे भाकरी, खरडा आणि पातेल्याच्या तळाला उरलं असेल ते कालवण. कुणी मुद्दाम छळ करत नव्हतं. ताकद लागते ती गड्याला, हे तिथं सूर्य पूर्वेला उगवतो तसं सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे वडील दूध संघात जनावरं तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली होते. मी लहानपणापासून त्यांच्या सायकलवर बसून गोठे फिरले होते, त्यामुळं पठ्ठ्याकडं नीट बघितल्यावर मला राहवलं नाही. केस उभे, कातडी निस्तेज, शेण पातळ आणि आंबूस वासाचं.

"आत्याबाई, हे पूर्वी सगळं खात होतं का?"

"सुरवातीला घालत हुतो की. घालंल तसं हगायचं. मग म्या बंद केलं. कडबा टाकतीया, म्हशीचं उरलंसुरलं टाकतीया. तवापासनं जगलंय."

"नुसत्या कडब्यावर जगेल, वाढणार नाही."

"मग काय घालावं म्हणतीस?"

मी त्यांना सांगितलं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, कोट्यवधी. जनावर चारा खातं तो आधी त्यांच्यासाठी. ते तो चारा कुजवतात, त्यावर वाढतात, आणि मग त्यांच्यावर जनावर वाढतं. तूप ओतलं की ते जीव गुदमरतात. पीठ आणि गूळ फार झालं की पोट आंबतं. त्यांना ओला चारा, सुका चारा, मूठभर पेंड, चिमूटभर खनिजांची पावडर, चाटायला मीठ, असं रोज ठरलेलं द्यायचं. आणि काही बदलायचं असेल तर हळूहळू.

आत्याबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे त्याच्या पोटात एक गावच बसलंय, आणि त्या गावाला तूप चालत न्हाई."

"तसंच."

"आणि आपल्या पोटात असलं गाव हाय?"

"एवढं मोठं नाही. आपल्याला तूप चालतं."

"मग भांडान कशाचं?" त्या म्हणाल्या, आणि उठून पठ्ठ्याचे गव्हाचे गोळे आणायला गेल्या.

त्या दिवसापासून आमचा कारभार सुरू झाला. मी बांधाला लसूणघास लावला. शेवरीचा पाला आणायचा, मक्याची आणि कडब्याची बारीक कुट्टी करायची, वडिलांनी धाडलेली खनिज पावडर पेंडीत कालवायची, हे माझ्याकडं. तिघींच्या वाटण्या करायच्या, हे आत्याबाईंकडं. वाटणी कधीच सारखी नसायची. थोरल्या जाऊबाई, म्हणजे इंदूवहिनी, यांना नेहमी जास्त. मी नवी, मला कमी, हे मी धरून चालले होते. वहिनी स्वभावानं गरीब आणि रंगानं पांढऱ्याफटक. जिना चढल्या की कठडा धरून उभ्या राहायच्या. त्या चरवी दोन्ही हातांनी धरायच्या आणि डोळे मिटून प्यायच्या, एखादी चोरी करत असल्यासारख्या. चोरी आम्ही तिघीही करत होतो, पण तसं दिसायचं वहिनींच्याच तोंडावर.

पठ्ठ्या मात्र बघता बघता पालटला. कातडी शिसवीच्या लाकडासारखी चमकायला लागली. पुठ्ठे भरले, मान जाड झाली. मामंजी आपला फेटा सोडून त्याच्या छातीभोवती गुंडाळायचे आणि फेट्याचं टोक रोज थोडं लवकर संपायला लागलं म्हणून खूश व्हायचे.

"बदाम बोलतोय," ते म्हणायचे.

"बोलणारच," आत्याबाई म्हणायच्या.

एकदा जेवताना मामंजींनी आम्हा दोघी सुनांकडं जरा निरखून बघितलं. "पोरी बी अंगानं भरल्यात. आपल्या हिरीचं पाणी चांगलं हाय."

"लई चांगलं हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

एक दिवस मात्र सापडायची वेळ आली. तालमीला सुट्टी होती आणि मामंजी थंडाईची चरवी घेऊन स्वतःच गोठ्यात आले. आम्ही तिघी तिथंच. त्यांनी चरवी पठ्ठ्याच्या नाकाशी धरली. पठ्ठ्यानं अशी जोरात फुर्र केली की मामंजींच्या मिशांवर खसखस बसली.

"आजारी हाय का काय हे?"

वहिनींनी माझा हात घट्ट धरला. आत्याबाईंनी शांतपणे चरवी काढून घेतली. "तुमास्नी लाजतंय. बाईमाणसाच्या हातची सवं हाय त्याला."

"वस्तादाला लाजणारा पैलवान कसला?"

"मग लाजू नये म्हणून जरा दाराकडं तोंड करून उभं ऱ्हावा."

आणि पिराजी पैलवान, ज्यांनी आयुष्यात कुणाला पाठ दाखवली नव्हती, ते दाराकडं तोंड करून, हात मागं बांधून उभे राहिले. आत्याबाईंनी एक घोट घेतला, चरवी माझ्याकडं दिली, माझ्याकडून वहिनींकडं गेली. वहिनी घाबरून एका दमात प्यायला लागल्या. घट, घट, घट.

मामंजींनी मान डोलावली. "आवाजावरनं कळतंय. दमदार पितंय गडी."

वहिनींना ठसका लागला. आत्याबाईंनी पटकन पठ्ठ्याच्या पाठीवर चापट मारली. "दमानं पी की रं, मेल्या."

प्रदर्शनात पठ्ठ्याचा पहिला नंबर आला. त्याच्या शिंगांना गोंडे, गळ्यात हार, आणि शेजारी मामंजी नवा फेटा बांधून असे उभे, की हार दोघांत वाटून घेतल्यासारखा वाटावा. सूत्रसंचालकानं त्यांच्यापुढं माईक धरला आणि विचारलं, "वस्ताद, या यशाचं रहस्य काय?" मामंजींनी बदाम, तूप, गूळ, अंडी, सगळं काही सविस्तर सांगितलं. बायकांच्या बाजूला बसून आम्ही तिघी ऐकत होतो. मला घाम फुटला. आत्याबाई तेवढ्या टाळ्या वाजवत होत्या.

त्या गर्दीत महिपती चौगुले होते. त्यांचा आणि मामंजींचा तरुणपणीचा आखाड्यातला दावा अजून मिटला नव्हता. त्यांच्या रेड्याचा दुसरा नंबर आला होता.

पुढं महिनाभरात, ऐन दुपारी, महिपती आणि त्यांच्या पत्नी गंगाकाकू आमच्या अंगणात आले. महिपतींच्या पायांत वहाणा नव्हत्या.

"पिराजी, बाहेर ये," ते म्हणाले. "तुझ्या खुराकानं माझं जनावर आडवं झालंय. सांगितलास ते समदं घातलं, तुझ्यापेक्षा दुप्पट घातलं. आता पोट नगाऱ्यावानी झालंय, दात खातंय, उठत न्हाई. डॉक्टरला माणूस गेलाय, ते यायला किती वेळ लागंल सांगता येत न्हाई. तुझं कसं जगलं ते सांग. त्यावर तू काय देत हुतास ते सांग."

मामंजी गोंधळले. "वर काय बी न्हाई. जे माईकवर बोललो तेच."

"खोटं बोलतोस."

"महिपती, जबान सांभाळ."

दोघंही म्हातारे पैलवान एकमेकांकडं मान पुढं काढून बघायला लागले. तिकडं एक मुकं जनावर पिठानं आंबलेलं पोट घेऊन पडलं होतं, आणि जेवढा वेळ ही दोघं भांडतील तेवढं ते मरणाजवळ जाणार होतं. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी काही खूण केली नाही. बोल म्हणाल्या नाहीत, बोलू नको म्हणाल्या नाहीत. घरात नवी सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे. मी पदर खोचून पुढं झाले.

"काका," मी महिपतींना म्हणाले, "पीठ, गूळ, तूप, सगळं आत्ताच्या आत्ता बंद करा. खायचा सोडा पाण्यात कालवून पाजा, पण घशात ओतू नका, ठसका लागेल. उठत असेल तर उठवून हळूहळू फिरवा. पुढ्यात नुसता वाळला कडबा ठेवा. बाकीचं डॉक्टर बघतील."

"तुला काय ठावं?" मामंजी म्हणाले. "पठ्ठ्या तर ह्याच खुराकावर..."

"पठ्ठ्या घास आणि कुट्टी खातो, मामंजी."

मामंजींनी गोठ्याकडं बघितलं. 

"आणि बदाम?" महिपतींनी विचारलं.

"आमी," आत्याबाई म्हणाल्या.

"कोण आमी?"

"मी, ही, आणि ती." त्यांनी उंबऱ्याकडं हात केला. इंदूवहिनी तिथं उभ्या होत्या, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, पदर तोंडाशी धरून. "गोळे बी आमीच खाल्ले. अंडी बी."

गंगाकाकूंनी वहिनींकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं. त्या अवघड वेळीही त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलल्याचं मला दिसलं.

मामंजींचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा रंगच गेला. मला वाटलं, आता हात उचलतील. त्यांनी खुंटीवरचं मुंडासं घेतलं, डोक्याला गुंडाळलं आणि महिपतींच्या दंडाला धरलं. "चल. आदी जनावर बगू. आमच्या घरचं आमी मागनं बगू." जाताना मला म्हणाले, "तू बी चल. सोडा घे."

रेडा वाचला. दोघा जुन्या वैऱ्यांनी दोन बाजूंनी खांदा लावून त्याला उभा केला, आणि अंगणात फेऱ्या घालता घालता तेच जास्त धापा टाकायला लागले. डॉक्टर आले ते नुकतेच कॉलेजातून सुटलेले, मिशीही धड न फुटलेले. त्यांनी सलाईन लावलं, औषध दिलं, आणि विचारलं, "जनावराला बदाम आणि तूप घालायचा सल्ला कुठल्या शहाण्यानं दिला?"

महिपतींनी मामंजींकडं बघितलं. मामंजी छपराच्या वाशाकडं बघत होते.

"असाच एक हाय," महिपती म्हणाले. "चांगला माणूस हाय." त्या एका वाक्यात त्यांचा आखाड्यातला दावा संपला. आमच्या अंगणात काय झालं, हेही त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही.

घरी मात्र मामंजी कुणाशी बोलेनात. जेवताना काही हवं असलं तर समोरच्या भिंतीला सांगायचे. थंडाई बंद, गोळे बंद. वहिनी रडायला लागल्या, की आपल्यामुळं घरात हे झालं. शेवटी एका सकाळी आम्ही तिघी चुलीपाशी असताना मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत कधी येत नसत ते.

"एक इचारायचं हाय," ते आत्याबाईंना म्हणाले. "रेडकाला तालमीचा खुराक द्यावा, हे माझ्या डोस्क्यात घातलं कुणी? मी इचार केला. मला सुचलं नव्हतं. तू म्हणाली हुतीस. गोठ्यात शेण काढताना म्हणालीस, पैलवानाच्या घरचं रेडकू, नुसत्या चाऱ्यावर कसं वाढवायचं?"

मी आत्याबाईंकडं बघतच राहिले. हे मलाही ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, मामंजींच्या खुळातून आम्ही आमचा फायदा काढला.

आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "म्हणाले हुते."

"का?"

"त्याच्या आदी आठ दिवस तुमच्याकडं काय मागितलं हुतं, आठवतंय?"

"न्हाई."

"इंदूचं पोट दुसऱ्यांदा पडलं तवा. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, अंगात रगात न्हाई, दूध-अंडी द्या, न्हाईतर पुढचं बी टिकायचं न्हाई. म्या तुमास्नी सांगितलं, पोरीला रोज वाटीभर दूध चालू करा. तुमी काय म्हणाला?"

मामंजी खाली बघायला लागले.

"म्हणाला, तिला काय आखाड्यात उतरायचंय?" आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. "सुनंसाठी मागून मिळंना. म्हटलं, रेडकासाठी मागून बगावं."

वहिनींनी मान गुडघ्यात घातली होती. वाटणी कधीच सारखी का नव्हती, ते मला त्या क्षणी समजलं.

मामंजींनी चौकटीला हात टेकला. मग त्यांनी घसा साफ केला. "इंदू," ते म्हणाले. सुनेला नावानं हाक मारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. "वेलदोडा सोसतो का गं तुला? का बंद करू?"

"सोसतो, मामंजी," वहिनी गुडघ्यातूनच म्हणाल्या.

ते वळले आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं पाट्यावर वरवंट्याचा आवाज यायला लागला.

वहिनींना मुलगी झाली. गुटगुटीत, काळीभोर, आणि रडली की म्हशी उठून उभ्या राहतील अशा आवाजाची. मामंजींनी तिला हातात घेऊन सगळ्या गावात फिरवली.

तोवर एक वेगळीच गोष्ट व्हायला लागली होती. महिपती गप्प राहिले, पण गंगाकाकूंना ते जमलं नसावं. दुपारी गडीमाणसं रानात गेली की परसदारी बायका यायला लागल्या. कुणी ताक मागायच्या निमित्तानं, कुणी बाळ बघायच्या निमित्तानं. बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, आणि उठता उठता आत्याबाईंना म्हणायच्या, "वस्तादांचा शबूद आमच्या मालकांस्नी लई पटतो. पुढच्या प्रदर्शनात त्यांनी गाभण म्हशीच्या खुराकावर जरा बोलावं." मग खाली बघून, "डिंक चालतो का हो म्हशीला?"

आत्याबाईंनी ते मामंजींच्या कानावर घातलं की नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी प्रदर्शनात पठ्ठ्याचा पुन्हा नंबर आला आणि माईक पुन्हा मामंजींपुढं आला. या वेळी व्यासपीठावर ते तरुण डॉक्टरही होते.

मामंजी सुरुवातीला बरोबर बोलले. ओली-सुकी वैरण, बारीक कुट्टी, पेंड मापात, खनिज पावडर, मीठ, आणि बदल करायचा तो सावकाश. डॉक्टर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग मामंजी थांबले, बायकांच्या बाजूला एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "हे झालं रोजचं. आता म्हस गाभण असंल, न्हाईतर नुकती व्याली असंल, तर त्याच्यावर डिंकाचे लाडू. साजूक तुपातले. खारीक, खोबरं, बदाम घालून. रोज. आणि ते घरच्या बाईच्याच हातात द्यायचे. म्हशीला कवा द्यायचे, किती द्यायचे, ते तिला कळतं. गड्यांनी त्यात पडायचं न्हाई."

गड्यांच्या बाजूला गंभीरपणे माना हलल्या. बायकांच्या बाजूला सगळ्यांचे पदर एकदम तोंडाला गेले.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "वस्ताद, माफ करा, पण शास्त्राच्या दृष्टीनं बघितलं तर म्हशीला लाडू..."

मामंजींनी माईकवर हात ठेवला, पण तो नीट झाकला गेला नाही, त्यामुळं पुढचं सगळ्या मैदानाला ऐकू आलं.

"डॉक्टरसाहेब, लगीन झालंय का तुमचं?"

"नाही अजून."

"मग बसा."